परखी

तीन वाजून बारा मिनिटांनी
केनिया साहेबांची मेल आली.
'नमस्कार वृंदाजी, कशा आहात?
मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका.
सोबतच्या खात्यात चार लाख ऐंशी हजार
आजच्या आज पाठवा. तुमच्यावर विश्वास आहे.'

अकरा वर्षं मी रबाळ्याच्या या शेडमध्ये
सॉल्व्हंटच्या वासात हिशेब बघते आहे.
अकरा वर्षांत साहेबांनी मला
'कशा आहात' विचारलेलं नाही.
आई आयसीयूत होती तेव्हाही
म्हणाले होते, 'जीएसटी भरून जा.'
तेव्हा खरं सांगायचं तर
पहिल्या ओळीतच मी ओळखलं,
आणि त्याच ओळीला मला
उत्तर द्यावंसं वाटलं.

बरी आहे, असं. एवढंच.

अण्णा तुर्भ्याच्या दाणाबाजारात मापाडी होते.
कोणी गोणीचं तोंड उघडून दाखवलं
तर तिकडे बघायचेच नाहीत.
'तोंडाशी सगळेच बासमती असतात, पोरी.'
कमरेला खोचलेली परखी काढायचे,
पन्हळीसारखी, टोकदार,
गोणीच्या पोटात खुपसायचे
आणि जे चार दाणे तळहातावर येत
त्यांनाच विचारायचे, कुठून आलात?

मी बाण त्या निळ्या ओळीवर नेला.
नुसता टेकवला. दाबला नाही.
खाली कोपऱ्यात भलतंच गाव उमटलं.
मग पाठवणाऱ्याचा पत्ता, अक्षर न् अक्षर:
कंपनीच्या नावातला एम
एम नव्हताच. आर आणि एन
खांद्याला खांदा घासून उभे,
एकाच शर्टात शिरलेल्या दोन पोरांसारखे.

डायरीतला जुना नंबर लावला.
'साहेब, तुम्ही पैसे पाठवायला सांगितलेत?'
'नाही.'
'मग कोणीतरी तुमच्या नावाने...'
'पाठवले नाहीत ना? मग फोन कशाला?'
ठेवला.
ही नक्कल कोणाला जमायची नाही.

लॉरेन्सला कळवलं. मग पार्टिशनवरून, मोठ्याने:
'साहेबांनी कोणाला नमस्कार केला असेल
तर उघडू नका रे!'
सगळे हसले.
डिस्पॅचचा जितेश घरत हसला नाही.
गळ्यातलं ओळखपत्र दातांत धरून
तो स्क्रीनकडे बघत होता.

मागच्या वर्षी अण्णा तीन दिवस नीट जेवले नाहीत.
आम्हाला वाटलं, दाढ.
कोपरखैरण्याच्या डॉक्टरकडे नेलं.
तो म्हणाला, दाढ ठणठणीत आहे.
परतताना रिक्षात, बाहेर बघत,
'वीज कापणार म्हणून मेसेज होता.
मी आकडे सांगितले.'
चाळीस वर्षं लोकांच्या गोण्या तपासलेला माणूस.
पहिल्याच तासाला बँकेत कळवलं असतं तर...
असो.
पैसे गेले त्याहून ते तीन दिवस मला जास्त आठवतात,
ताटात भात चिवडणारी ती बोटं.

जितेशच्या खुर्चीमागे गेले.
वाकून भिंतीतली निळी वायर उपटली.
'पासवर्ड टाकलास?'
मान हलली.
'किती वेळ झाला?'
'वीस मिनिटं. मॅडम, नोकरी...'
'वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.
लॉरेन्सला सांग. आत्ता. तूच सांग.
मी उभी आहे इथे.'

साडेसहाला साहेबांची मेल आली.
पत्ता तपासला. एम एमच होता.
'उद्या नऊला या. सगळ्यांचे पासवर्ड बदला.'
वर नमस्कार नाही, खाली नाव नाही.
खडे, कोंडा, धूळ धरून
आमच्याच गोणीतला माल.

बॅग खांद्याला लावली. परत बसले.
लिहिलं, 'हो, येते.
मी बरी आहे.'
दुसरी ओळ पुसली.
पुन्हा लिहिली.
पाठवली.